कोठार उघडलं, पोतं कोण आणणार?



मंगळवेढ्याहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे बचत गटाच्या बाया. माइकसमोर बसलेली समन्वयक एकटी असली, तरी सांगणं सगळ्यांचं आहे. गटाच्या बैठकीत हा विषय तीनदा निघाला, तीनदा त्यावर वाद झाला, आणि शेवटी आक्का म्हणाल्या, "अगं, आपल्यातच किती बोलायचं? रेडिओवर सांग की." म्हणून आज सांगतोय.

विषय असा. मुलांच्या अभ्यासाचं फुकट मिळणारं साहित्य, म्हणजे मोबाइलवर बघता येणारे धडे, पुस्तकं, गोष्टी, हे आपल्या राज्यात आलं कसं, कुणी आणलं, आणि आपल्या उंबऱ्यापर्यंत ते पोचलं का? इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण पुस्तक कुणाच्या हाती आलं आणि कुणाच्या हाती आलं नाही, यालाही इतिहास असतोच. तो बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

सुरुवात आपल्या गावच्या गोष्टीपासून करू. संत दामाजीपंत आपल्या मंगळवेढ्याचे. बिदरच्या बादशहाच्या पदरी ते अधिकारी होते आणि इथलं सरकारी धान्याचं कोठार त्यांच्या ताब्यात होतं. मोठा दुष्काळ पडला. माणसं अन्नाविना मरायला लागली. दामाजीपंतांनी बादशहाला न विचारता कोठाराची दारं उघडली आणि धान्य वाटून टाकलं. पुढे शिक्षा व्हायची वेळ आली, तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून आला, अशी कथा आहे. ही कथा आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे.

पण धान्य निवडता निवडता आमच्या बैठकीत एकीनं विचारलं, "दार उघडलं ते खरं. पण धान्य घरी आणलं कुणी? जिच्याकडे बैल नव्हता, जी बाळंतीण होती, जी गावकुसाबाहेर राहत होती, तिच्या घरी पोतं कसं गेलं?" आम्हाला कुणालाच उत्तर देता आलं नाही. कथेत ते येत नाही. चोखोबाही आपल्याच मंगळवेढ्याचे. इथलं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि त्याखाली १३३८ साली त्यांचा अंत झाला, असं सांगतात. विठ्ठलाच्या देवळाची पायरी त्यांना ओलांडू दिली नव्हती. दार उघडं आहे एवढ्यानं सगळे आत जातात असं नसतं, हे मंगळवेढ्याच्या माणसाला वेगळं शिकवायला नको.

हा प्रश्न लक्षात ठेवा. आजची सगळी हकिकत त्याच प्रश्नाभोवती आहे.

विद्येचं कोठार तर आपल्यासाठी कितीतरी काळ बंदच होतं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. दार उघडलं. तरी मुलीला घरातून शाळेपर्यंत आणायचं काम उरलंच होतं. घरोघरी जाऊन आईबापांची समजूत काढणं, रस्त्यात अंगावर पडणारा चिखल-शेण सोसणं, हे काम सावित्रीबाईंनी केलं. शाळा काढणं एक काम, आणि पोरीला तिथवर आणणं हे दुसरं काम. दोन्ही कामं होतात तेव्हाच ती शिकते.

पुढे शाळा झाल्या, पण पुस्तकाचा प्रश्न राहिला. कोठारी आयोगानं १९६६ साली देशाच्या शिक्षणाबद्दल अहवाल दिला. चांगली पाठ्यपुस्तकं स्वस्तात मिळायला हवीत, हा त्यातला एक मुद्दा होता. महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ ला पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं. तीच आपली बालभारती. सगळ्या राज्याला एक पुस्तक, परवडणाऱ्या किमतीत. मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू अशा भाषांतूनही तिची पुस्तकं निघतात. आपल्या तालुक्याची दक्षिण हद्द कर्नाटकाला लागते. कितीतरी घरांत चूल कन्नड बोलते आणि शाळा मराठी बोलते. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला महत्त्वाची.

बालभारतीनं १९७१ साली मुलांसाठी 'किशोर' मासिक सुरू केलं. तिकडे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोशाचं काम चाललं होतं. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. जगातलं ज्ञान मराठीत एका ठिकाणी आणायचं, असं ते काम. पण ते जाडजाड खंड आपण पाहिले कुठे? तालुक्याच्या वाचनालयातल्या काचेच्या कपाटात. आमच्यापैकी दोघी बी. ए. झाल्या, तरी विश्वकोशाचा खंड मांडीवर घेऊन कुणी वाचला नव्हता. कपाटाला हात लावायचीच भीती वाटायची.

आमची शाळा १९९० नंतरची. शाळा सुटायच्या आधीच आम्ही वरच्या वर्गातल्या मुलीकडे पुस्तकांसाठी वशिला लावायचो. अर्ध्या किमतीत जुना संच मिळायचा. वर्तमानपत्राची कव्हरं घालायची, सुटलेली पानं खळीनं चिकटवायची. एखादं पान फाटून गेलेलं असलं तर तो धडा आपल्यापुरता नाहीच. आमच्यातल्या एकीच्या इतिहासाच्या पुस्तकात शेवटची चार पानं नव्हती. ती अजून हसून सांगते, "माझ्या पुस्तकात स्वातंत्र्य मिळालंच नाही." पुढे सर्व शिक्षा अभियानात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना पुस्तकं मोफत मिळायला लागली, तेव्हा हा जाच बराचसा संपला. नववी-दहावीची पुस्तकं मात्र विकतच घ्यावी लागतात. आणि पोरीची शाळा सुटते ती नेमकी याच वयात. ही गाठ नीट लक्षात घ्या.

पुस्तकापलीकडचं साहित्य आपल्याकडे मोबाइलच्या आधीच आलं होतं. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही सरकारी संस्था सुरू झाली. मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती करायच्या आणि दूरदर्शनवरून दाखवायच्या, हे तिचं काम. त्या कार्यक्रमाचं गाणं आमच्या वयाच्या बायांना अजून तोंडपाठ आहे. पण कार्यक्रम लागायचा ठरलेल्या वेळी, आणि त्याच वेळी वीज जायची. आमच्यातल्या एकीच्या शाळेत टीव्ही संच होता, तो कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली गुरुजींच्या खिशात, आणि गुरुजी तालुक्याला मीटिंगला. सरकारनं धडा तयार केला, तो आकाशातून शाळेच्या छपरापर्यंत आला, आणि शेवटच्या चार हातांवर अडकला. २०१७ साली बालचित्रवाणी बंदच झाली.

आता जरा बाहेरच्या जगात काय चाललं होतं ते बघू. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या मोठ्या विद्यापीठानं जाहीर केलं, की आमच्या वर्गात जे शिकवतो त्याचं साहित्य आम्ही इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवणार. त्याच वर्षी विकिपीडिया सुरू झाला. मराठी विकिपीडिया २००३ साली आला. २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत अशा साहित्याला नाव मिळालं, मुक्त शैक्षणिक साधनं.

यातला 'मुक्त' शब्द नीट समजून घ्यायला हवा. फुकट म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत. मुक्त म्हणजे त्याहून जास्त. ते दुसऱ्याला देता येतं, आपल्या भाषेत आणता येतं, आपल्या मुलांना समजेल असं बदलता येतं, फक्त मूळ कुणाचं ते सांगायचं. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. जात्यावरची ओवी अशीच होती. आईकडून ऐकली, सासरी नेली, त्यात आपल्या भावाचं नाव घातलं, आपली एक ओळ जोडली. कुणी मालकी सांगितली नाही. गंमत म्हणजे त्या ओव्याही आता या कोठारात आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून आपल्या आया-आज्यांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज इंटरनेटवर वाचायला-ऐकायला मिळतात. म्हणजे या कोठारात आपण नुसतं न्यायला गेलेलो नाही, आपल्या घरातलं धान्यही तिथे पडलं आहे.

महाराष्ट्रातही हळूहळू दारं उघडली. विश्वकोशाचे खंड इंटरनेटवर आले. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर उतरवून घेता यायला लागली. 'किशोर'चे जुने अंक वाचायला मिळाले. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते चित्रफितींतून दाखवलं आणि मराठीसकट अनेक भाषांतली पुस्तकं आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवली. काडेपेटी, सायकलची ट्यूब, जुनी चप्पल, यातून विज्ञान. आपल्या घरात दुसरं काही नसलं तरी एवढं असतंच.

आणि मग हकिकत आपल्या सोलापूर जिल्ह्यात येते. पंढरपूर ओलांडून पुढे गेलं की माढा तालुका. तिथलं परितेवाडी हे छोटं गाव. २००९ साली रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले, तेव्हा शाळेची इमारत पडकी होती, एका बाजूला जनावरांचा गोठा होता. मुली शाळेत फारशा येत नव्हत्या. लवकर लग्न लावून देण्याची रीत होती. पुस्तक मुलांच्या घरच्या भाषेत नव्हतं, कारण बऱ्याच घरांत कन्नड बोललं जायचं. गुरुजी ती भाषा शिकले, पुस्तकातला मजकूर मुलांना समजेल असा केला, आणि पुस्तकाच्या पानांवर एक चौकोनी ठिपक्यांची चौकट चिकटवली. तिला क्यूआर कोड म्हणतात. आज भाजीवालीच्या गाड्यावर पैसे घ्यायला जी चौकट असते, तसलीच. मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ लागायचा, गोष्ट सुरू व्हायची.

तंत्र अगदी साधं आहे. छापलेलं पान बोलत नाही. मोबाइल बोलतो, पण त्यात नेमका धडा कुठे शोधायचा ते मुलाला कळत नाही. ही चौकट दोघांची गाठ घालून देते. जी आई वाचू शकत नाही, तीसुद्धा कॅमेरा धरून पोराला कविता ऐकवू शकते. आम्हाला यात सगळ्यात मोठं हे वाटतं.

२०१७ साली महाराष्ट्र शासनानं क्यूआर कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आणायचं ठरवलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, केंद्र सरकारचं 'दीक्षा' सुरू झालं. पुस्तकातल्या चौकटीमागचे धडे आता त्याच ॲपमध्ये असतात. पुढच्या वर्षी एनसीईआरटीनंही आपल्या पुस्तकांत असे कोड आणायचं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० ला डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये. १४० हून जास्त देशांतून बारा हजारांवर नावं आली होती. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आमच्या बैठकीत आक्का म्हणाल्या, "बघा, हा पण दामाजीच निघाला."

आता इथे थांबून तारखा नीट बघा. बक्षीस मिळालं डिसेंबर २०२० मध्ये. शाळा बंद झाल्या होत्या मार्च २०२० मध्ये. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या मोबाइलच्या शिक्षणाचं जगात नाव झालं तेव्हा आपल्या गावातली पोरं नऊ महिने घरी बसली होती, आणि कितीतरी घरांत तो धडा उघडायला मोबाइलच नव्हता.

कोठार तेव्हा कधी नव्हे इतकं उघडं होतं. दीक्षावर धडे होते. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका लागायला लागली. शिक्षक व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायचे. तो बघायला फोन कुणाकडे? कोरोनाच्या आधी, २०१९ साली, सरकारनं केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या लोकांना विचारलं होतं, तुम्ही कधी इंटरनेट वापरलं आहे का? महाराष्ट्रात दर शंभर बायकांपैकी ३८ जणी हो म्हणाल्या. पुरुषांत ६१ जण हो म्हणाले. यात मुंबई-पुणंही आलं. खेड्यात किती ते आपलं आपण समजावं.

सोलापूर शहरात नीलमनगर भागात कामगारांची वस्ती आहे. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी तेव्हा वेगळाच मार्ग काढला. घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या, सुमारे तीनशे भिंती. मूल गल्लीतून चालत जाईल तिथे अभ्यास. नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही, भावाकडून फोन मागून घ्यावा लागत नाही. धडा दारापर्यंत आणायचा म्हणजे काय, हे त्या शिक्षकांना बरोबर कळलं होतं.

आता आमच्या गटाची गोष्ट. त्या वर्षी जूनच्या बैठकीत एका बाईनं फोनसाठी कर्ज मागितलं. आमच्याकडे कर्ज शेळीला मिळतं, बियाण्याला मिळतं, दवाखान्याला मिळतं. फोनला द्यायचं का, यावर मोठा वाद झाला. "फोन दूध देतो का?" असं एकीनं विचारलं. शेवटी शेकडा दोननं कर्ज दिलं आणि पाठोपाठ आणखी तिघींनी घेतलं. चार फोन आले. आम्हाला वाटलं, झालं काम.

दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा कळलं, चारातले तीन फोन मुलांच्या हातात. मुलगा दहावीला, त्याचं वर्ष महत्त्वाचं. मुलगी धाकटी, तिचं बघू. मुलीला फोन मिळायचा रात्री नऊनंतर, तोवर त्या दिवसाचं नेट संपलेलं आणि ती भांडी घासून दमलेली. कर्ज आईच्या नावावर, हप्ता आईच्या मजुरीतून, आणि फोनचा पासवर्ड आईलाच माहीत नाही. आम्ही कोठाराच्या दाराशी बैलगाडी नेली, पण पोतं पुन्हा एकाच बाजूला उतरवलं गेलं.

मग आम्ही पाळी लावली. चारही फोन दुपारी दोन ते चार समाजमंदिरात आणायचे, मुलींनी तोंडाला रुमाल बांधून लांब लांब बसून अभ्यास करायचा. अकरा मुली यायच्या. काही घरांतून बोलणी खाल्ली. तरी दिवाळीपर्यंत चाललं.

त्या अकरांतली एक नववीची होती. गणितात हुशार. चौकटीवर कॅमेरा धरायला बाकीच्यांना तिनंच शिकवलं. जानेवारीत ती यायची बंद झाली. आम्हाला कळलं तोवर सुपारी फुटली होती. तिची आई आमच्याच गटातली. आम्ही तिच्या घरी गेलो, चहा प्यालो, आणि कुणी काही बोललो नाही. अठरा वर्षं पूर्ण नाहीत, हे गुन्ह्यात बसतं, १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्याच आईनं घेतलेल्या कर्जाचा हप्ता आम्ही वहीत लिहून घेत होतो, आणि तिच्या पोरीचं काय होतंय ते बघूनही गप्प राहिलो. लग्नाला गेलो, जेवून आलो. ही गोष्ट रेडिओवर सांगायची की नाही यावरही आमच्यात वाद झाला. पण ती वगळून बाकीचा इतिहास सांगणं खोटं झालं असतं.

ती पोर यंदा बाळंतपणाला माहेरी आली. तिचं दुसरं मूल. आता तिला एकोणीस पूर्ण आहेत. बाळ सव्वा महिन्याचं झालं तेव्हा ती एक दिवस आमच्या बैठकीच्या बाहेर येऊन उभी राहिली. आम्हाला वाटलं, आईला बोलवायला आली असेल. तिनं विचारलं, "मावशी, दहावीची पुस्तकं आता फोनवर सगळी मिळतात का? सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय."

आमच्यातल्या कुणाला पटकन बोलता आलं नाही. मग तिच्या फोनवर बालभारतीची पुस्तकं एकेक करून उतरवून दिली. ज्या पोरीनं आमच्या मुलींना चौकट धरायला शिकवलं, तिला आता आम्ही सांगत होतो, कुठे दाबायचं. तिला सगळं आठवत होतं. नवऱ्याला तिनं विचारलंय, तो हो म्हणालाय. सासू अजून हो म्हणालेली नाही. परीक्षा होईल की नाही ते आज आम्हाला सांगता येत नाही. पण या वेळी आम्ही गप्प बसणार नाही, एवढं ठरवलंय. सासूबाईंकडे आमच्यातल्या तिघी जाऊन येणार आहेत, चहा प्यायच्या आधीच विषय काढायचा असं ठरवून.

मैत्रिणींनो, एवढ्या हकिकतीतून आम्ही चार गोष्टी शिकलो, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली. बालभारतीच्या नव्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर जी चौकट असते, ती दीक्षा ॲपमधून बघितली की अख्खं पुस्तक मोबाइलवर मिळतं. आतल्या धड्यांवरच्या चौकटीतून त्या त्या धड्याचं साहित्य मिळतं. कॅमेरा नीट चालत नसेल आणि चौकटीखाली सहा अक्षर-आकडे छापलेले असतील, तर ते ॲपमध्ये लिहून टाकले तरी चालतं. याचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका.

दुसरी. धडा एकदा उतरवून घेतला की पुन्हा बघायला नेट लागत नाही. एका फोनवरून दुसऱ्या फोनवरही तो नेटशिवाय पाठवता येतो. म्हणून आमच्यातली जी बाजाराला मंगळवेढ्यात जाते, ती तिथे रेंजमध्ये धडे उतरवून घेते आणि गावात सगळ्यांना वाटते. आम्ही तिला गमतीनं कोठीवाली म्हणतो.

तिसरी. फोन गटाच्या कर्जातून घेतला असेल, तर कर्ज देतानाच विचारा, मुलीला कोणती वेळ? दुपारची की रात्री नऊनंतरची? ते वहीत लिहा. आम्ही आता फोनच्या कर्जाच्या अर्जावर मुलीची वेळ लिहिल्याशिवाय सही करत नाही. आणि पासवर्ड आईला माहीत हवा.

चौथी. मूल फोन घेऊन बसलं की त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं. व्हिडिओ लावून दिला म्हणजे शिकवणं झालं असं नाही. आपल्याला धडा कळला नाही तरी चालेल. "मला सांग बरं, काय झालं त्यात?" एवढं विचारा. सांगता सांगता मूल शिकतं. 'किशोर'चा एखादा जुना अंक काढून रात्री झोपताना एक गोष्ट वाचून घ्या. आमच्या आक्कांना अक्षरओळख नाही, पण त्या नातीकडून रोज एक गोष्ट वाचून घेतात. नात चौथीत आहे. आता तिला न अडखळता वाचता येतं.

दामाजीपंतांनी कोठार उघडलं, हे आपण कित्येक पिढ्या सांगत आलो. बालभारतीच्या, विश्वकोशाच्या, परितेवाडीच्या माणसांनी दारं उघडली, तेही सांगायला हवं, त्यांची नावं मुलांना माहीत हवीत. पण त्या दुष्काळात कुणीतरी डोक्यावर पोतं घेऊन गावकुसाबाहेरच्या बाळंतिणीच्या झोपडीपर्यंत गेलंच असणार. तिचं नाव कथेत नाही. ती बाई आपल्यासारखीच असणार, असं आम्हाला वाटतं.

या बुधवारी आमची बैठक आहे. त्यानंतर तिघी त्या सासूबाईंकडे जाणार. काय झालं ते पुढच्या वेळी सांगू.